साबुकंदाच्या चकत्या

धाकटा चालत्या सायकलवरून उतरला. सायकल एकटीच पुढे जाऊन कुंपणात घुसली आणि तो अंगणात आला.

"आई! हो म्हणाल्या! हेडबाई हो म्हणाल्या!"

म्हातारी शेळीचं दूध काढत बसली होती. तिनं मान वळवली नाही. "कशाला हो म्हणाल्या, ते नीट सांग. तुला काय, कुणी जांभई दिली तरी होकार वाटतो."

"चकत्यांना! परवा शाळेत मधल्या सुट्टीत आपल्या साबुकंदाच्या चकत्या. सगळ्या पोरांना! पोरांना आवडल्या आणि नर्सबाईंनी चालतील म्हटलं, की बिस्किटं बंद. वर्षभर आपल्याच चकत्या."

सून डोक्यावर कळशी घेऊन फाटकातून आत येत होती. ती तिथेच थबकली. "आणि आपलं पोर कुठे बसणार, भाऊजी?"

"कुठे म्हणजे? ओळीत! सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून!"

सुनेच्या डोक्यावरची कळशी हिंदकळली. त्या वर्षी त्या गावात पाणी सांडणं म्हणजे मोठाच गुन्हा होता. तिच्या खांद्यावरून पाण्याचा ओघळ गेला, मातीत जिरला, आणि घरातलं कुणीही तिला काही बोललं नाही. म्हातारीसुद्धा नाही. म्हातारी तर शेळीच्या पाठीवर थापा मारत होती, जणू शेळीनंच जाऊन हेडबाईंना गळ घातली होती.

एवढा आनंद कशाचा, ते नात डोळ्यांसमोर आल्याशिवाय कळायचं नाही. नात सात वर्षांची. मान बारीक, पोट तेवढं पुढे, आणि पाय असे की शाळेत पोरांनी तिला "काडी" नाव ठेवलं होतं. दोन वर्षं घरानं औषधं केली, दृष्टी काढली, एकमेकांना दोष दिले. मग शहरातल्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं की हिला गहू चालत नाही. थोडा नाही, चिमूटभर नाही, कुणाच्या हाताला लागलेलासुद्धा नाही. म्हातारीला हे काही केल्या पटलं नव्हतं. "गव्हानं कधी कुणाला काही झालंय?" म्हणत तिनं एकदा लपवून चतकोर पोळी पोरीला भरवली. त्यानंतरचे दोन दिवस पोर जे कळवळलं, ते बघून म्हातारीनं स्वतःच्या हातानं घरातला गव्हाचा डबा शेजारी नेऊन दिला.

घरात प्रश्न मिटला. शाळेत मिटला नाही. शाळेत मधल्या सुट्टीत गव्हाची बिस्किटं मिळायची. पोरं ओसरीत ओळीनं बसायची, अर्धं याचं अर्धं त्याचं करत खायची, आणि नात आपला डबा घेऊन दूर पाण्याच्या टाकीपाशी बसायची. हेडबाईंचा दोष नव्हता. बिस्किटांचा चुरा सगळीकडे उडणार, पोरं एकमेकांच्या हातातलं ओढून घेणार, त्यात हिला कोण सांभाळणार? पण पोर टाकीपाशी बसून डबा न उघडताच परत आणायला लागलं होतं. सुनेनं विचारलं तर म्हणायचं, "भूक नव्हती." म्हातारीला ती भूक नसणं रात्रंदिवस खुपत होतं. पोर सगळ्यांत बसून जेवलं पाहिजे, एवढंच तिला हवं होतं.

त्यात हे कोरडं साल आलं. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली. मोठा मुलगा बोअरच्या गाडीवर गेला, ती गाडी गावोगाव कोरड्या जमिनीला भोकं पाडत फिरत होती. शेतात उभा राहिला तो फक्त साबुकंद, ज्याचा साबुदाणा करतात तो. पाऊस असो नसो, तो आपला जमिनीत हातभर मुळं फुगवत बसलेला. घर तेच खाऊ लागलं. उकडून, भाजून, चकत्या करून. आणि त्याच दिवसांत नातीच्या गालांवर जराशी गोलाई आली. धाकट्यानं ते पाहिलं आणि त्याच्या डोक्यात हे शाळेचं खूळ शिरलं.

संध्याकाळी नर्सबाई स्कूटर घेऊन स्वतःच आल्या. हेडबाईंनी त्यांना आधी बघून यायला सांगितलं होतं. धाकट्यानं त्यांना बसायला खाट टाकली, समोर तळलेल्या चकत्यांची ताटली ठेवली आणि त्या तोंडात घालायच्या आत सुरुवात केली.

"ह्यानं रक्त वाढतं, नर्सबाई. हाडं लोखंडासारखी होतात. गुडघेदुखी जाते. चष्मा उतरतो."

"कुणी सांगितलं?"

"मीच सांगतोय ना. सगळ्या गावाला सांगून आलो."

"मग सगळ्या गावात परत जा आणि चष्म्याचं तेवढं मागे घे," नर्सबाई म्हणाल्या. चकती मात्र त्यांनी कुरकुर आवाज करत संपवली आणि दुसरी उचलली. "हे बघा. कंदात असतं ते मुख्यतः पीठ. त्यानं ताकद येते, लगेच येते. पळणाऱ्या, खेळणाऱ्या पोराला ती लागतेच. पोट साफ राहायला थोडा चोथा असतो. गव्हातलं जे तुमच्या पोरीला बाधतं, ते ह्यात अजिबात नाही. हे सगळं चांगलंच आहे."

"बघ!" धाकटा आईला म्हणाला.

"थांब. पण अंगावर मांस धरायला जे लागतं, ते ह्यात जवळजवळ नाहीच. नुसत्या कंदावर पोर वाढवलं तर पोट भरेल, पोर भरणार नाही."

धाकट्याचं तोंड एवढंसं झालं. सून मात्र पुढे सरकून बसली. "मग काय घालायचं?"

"शेंगदाणे. तीळ. जे घरात असेल ते. आणि तळू नका, पोरांना रोज तळलेलं कशाला? कंद उकडा, कुस्करा, त्यात शेंगदाण्याचं जाडसर कूट घाला, चकत्या थापा आणि तव्यावर कडक भाजा. आणि आजी, कापायचा पातळ, भिजवायचा, झाकण न ठेवता उकळायचा आणि ते पाणी फेकून द्यायचं."

"पाणी फेकायचं?" म्हातारी दचकली. "ह्या वर्षी?"

"ह्या वर्षी तर नक्कीच. पाऊस नसला की गोड कंदातही कडूपणा चढतो. तो कडूपणा म्हणजे विषच."

"ते आम्हाला सांगू नका, बाई. कडू कंद खाऊन जगलेलं हाड आहे हे," म्हातारी म्हणाली. "किसायचा, पोत्यात भरून दगडाखाली ठेवायचा, आंबू द्यायचा, पिळून पिळून पाणी काढायचं आणि कढईत खडखडीत भाजायचा. चार दिवस जातात. माझ्या आईनं एकदा घाई केली होती, तर आम्ही सगळी भावंडं अंगणात आडवी झालो होतो."

"मग तुम्हाला काय सांगायचं," असं म्हणून नर्सबाई उठल्या. जाताना त्यांनी आणखी दोन चकत्या रुमालात बांधून घेतल्या, तळलेल्याच.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत धाकटा पहार, कुदळ आणि रिकामी पोती घेऊन शेतात गेला. एरवी त्याला उठवायला म्हातारीला भांडी आपटावी लागत. आज त्याच्या शिट्टीनं कोंबडी जागी झाली. ऊन चढायच्या आत त्यानं पहिलं पोतं आणून अंगणात ओतलं, मग दुसरं, मग तिसरं. सून आणि म्हातारी कोयते घेऊन बसल्या. वरची तपकिरी साल, तिच्याखालची जाड गुलाबी साल, ती निघाली की आत पांढरंशुभ्र. सालांचा ढीग वाढत गेला, कापलेले तुकडे पाण्याच्या टपात पडत गेले. पहिल्या पोत्यातला एक तुकडा म्हातारीनं सवयीनं जिभेला लावला आणि थुंकला. गोड होता. ती खूश झाली.

नात शाळेत जाण्याआधी उखळापाशी उभी होती. तिला शेंगदाणे कुटायचं काम दिलं होतं. मुसळ तिच्यापेक्षा उंच, त्यामुळे मुसळ वर गेलं की तीही टाचांवर वर जायची.

"आजी, उद्या मी कुणाशेजारी बसू?"

"बस की कुणाशेजारीही."

"कुणाशेजारीही कसं? वेणीवाली म्हणते माझ्याकडे बस. पण ती सारखी बोलते. ती दात पडलेली आहे ना, ती भांडखोर आहे पण तिच्याकडे सावली असते."

"सावलीत बस."

"पण वेणीवाली रुसेल ना!" नात गंभीरपणे म्हणाली. टाकीपाशी बसणाऱ्या पोरीला शेजारणीच्या रुसव्याची काळजी पडली, हे ऐकून सुनेनं कोयता खाली ठेवला आणि उगाचच डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं केलं.

पोर शाळेत गेलं. दोन्ही टप काठोकाठ भरले. ऊन पाठीत उतरायला लागलं. म्हातारीचा अंगठा सोलून सोलून हुळहुळत होता, पण तोंड बंद नव्हतं. हेडबाई काय म्हणतील, नर्सबाई काय म्हणतील, शाळेला बिस्किटं विकणाऱ्या दुकानदाराचं तोंड कसं होईल, सगळं ती सुनेला करून दाखवत होती. दुकानदाराची नक्कल करताना तिनं गाल फुगवले आणि त्या भरात टपातला एक तुकडा उचलून तोंडात टाकला.

नक्कल अर्ध्यावर राहिली. म्हातारी थुंकली. पुन्हा थुंकली. मग तिनं दुसरा तुकडा उचलला, जिभेला लावला, टाकला. तिसरा गोड निघाला. चौथा पुन्हा कडूजहर.

"अहो आई, काय झालं?"

धाकटा तेवढ्यात चौथं पोतं पाठीवर घेऊन फाटकातून आत आला. घामानं न्हाला होता आणि तोंडावर हसू होतं.

"हे कुठून काढलंस?" म्हातारीनं विचारलं.

"शेतातून."

"शेताच्या कुठल्या अंगानं?"

"पहिलं पोतं मधलं. पण मधे जमीन दगड झालीय गं, पहार उडते. मग ओढ्याच्या अंगानं सुरू केलं, तिथे माती अजून मऊ..." तो बोलता बोलता थांबला. पोतं पाठीवरून घसरलं.

ह्यांच्या शेतात ओढ्याकडच्या बांधाच्या कडेनं कडू कंद लावलेला होता. रानडुकरं पहिलं तोंड तिथे घालतात आणि आल्या वाटेनं परत जातात, म्हणून. आतल्या ओळी गोड, खाण्याच्या. दोन्हींची ओळख पाल्यावरून. कडूचं देठ लाल, गोडाचं हिरवं. पण पाला होता कुठे? महिन्यापूर्वीच धाकट्यानं सगळी झाडं बुडखापासून छाटून, कांड्या पुढच्या लावणीसाठी सावलीत रचून ठेवल्या होत्या, मोकाट गुरांनी फस्त करू नयेत म्हणून. म्हातारीनं तेव्हा त्याला शाबासकी दिली होती. आता शेतात नुसते खुंट होते, सगळे एकसारखे. आणि साल निघाल्यावर कडू काय, गोड काय, दोन्ही पांढरेच.

"मी बांध विसरलोच," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज अगदी लहान मुलासारखा झाला होता.

"मेल्या!" म्हातारी ओरडली. "चष्मा उतरवणारा! सगळ्या गावाला चष्मा उतरवून देणारा! स्वतःला बांध दिसला नाही!"

ती आणखी बरंच बोलली. धाकट्यानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी हळूच म्हणाला, "भिजवू. दोनदा उकळू. पाणी फेकू. थोडा तर कडूपणा जाईल. उद्याचा दिवस निघाला पाहिजे, आई. उद्या नाही गेलं तर हेडबाई बिस्किटांना हो म्हणून टाकतील. मग वर्षभर पोर टाकीपाशी."

म्हातारीचंही मन तिथेच गेलं होतं, आणि ते त्याच्या तोंडून ऐकून तिला स्वतःचीच लाज वाटली. तिला त्या अंगणात आडवी पडलेली आपली भावंडं दिसली. सुनेकडे बघितलं तर सून दोन्ही हातांनी टपाची कड धरून बसली होती, मान खाली घालून.

"अगं, तू बोल. पोर तुझं आहे."

"माझ्या पोराला कुणाच्या हातचं खायला द्यायला मी घाबरते," सून म्हणाली. "उद्या दुसऱ्या आया आपल्या हातच्याला घाबरायला लागल्या तर?"

एवढं बोलून ती उठली आणि तिनं टपातलं सगळं चाळणीवर ओतलं. "हे आपल्या घरचं. किसू, दगडाखाली घालू, चार दिवस काय ते होऊ दे. भाऊजी, पहार घ्या."

तिघं शेतात गेली. ऊन असं की खुंटांच्या सावल्याही खुंटांतच शिरल्या होत्या. मधल्या ओळी म्हातारीनं स्वतः लावल्या होत्या, त्या कुठून सुरू होतात ते तिच्या पायांना माहीत होतं. पण माती खरोखरच दगड झाली होती. धाकट्यानं पहार उंच उचलून मारली की खणकन आवाज यायचा आणि मुठीपर्यंत झिणझिण्या जायच्या. नखभर माती निघायची. सुनेनं घरून आंघोळीचं साठवलेलं पाणी बादलीनं आणलं, खुंटाभोवती थोडं थोडं ओतलं. ते जिरेपर्यंत पुढच्या खुंटाशी. असं करत करत एकेक कंद निघू लागला. निघायचा तोही मधेच मोडून, कारण जमीन सोडायला तयार नव्हती. मोडलेलं अर्धं काढायला म्हातारी पालथी पडून खड्ड्यात हात घालायची आणि नखांनी माती उकरायची.

प्रत्येक कंदाचा कडेचा पापुद्रा ती कापायची, जिभेला लावायची, थुंकायची. गोड. टोपलीत. पुढचा. गोड. एक शंकेचा निघाला तो तिनं ओढ्यात भिरकावला. थोड्या वेळानं जिभेला चव कळेना, तेव्हा घोटभर पाण्यानं चूळ भरून ती पुन्हा सुरू झाली. कंद बोटाएवढे, फार तर मनगटाएवढे. कोरड्या सालात मधल्या ओळींना फुगायला पाणी मिळालं नव्हतं. बांधाकडचे मात्र चांगले मांडीएवढे झाले होते.

रस्त्यावरून दुकानदार जात होता. तो मुद्दाम थांबला. "काय रे, सकाळी तर पोती भरली म्हणून ओरडत होतास. आता परत खणतोस?"

धाकट्यानं पहार खाली टेकवली. कपाळाचा घाम पुसला. "कडू निघाले, काका. बाजूला काढले."

"अरे वेड्या, धुऊन उकळून द्यायचे! पोरांना काय कळतंय!"

म्हातारी खड्ड्यातून तोंड वर करून म्हणाली, "तुमचा नातू आहे ना त्याच शाळेत? त्याच्यापुरते धुऊन उकळते हं. बाकीच्यांना हे."

दुकानदार चालू लागला. धाकटा इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मग त्यानं पहार पुन्हा उचलली आणि जो मारत सुटला तो सूर्य कलेपर्यंत थांबला नाही. हातांना फोड आले, फुटले, मुठीला रक्त लागलं. त्यानं सदऱ्याची बाही फाडून मुठीला गुंडाळली. त्या दिवशी म्हातारीला आपला धाकटा पहिल्यांदा मोठा वाटला, पण तिनं ते त्याला सांगितलं नाही, नाहीतर तो ते गावभर सांगत फिरला असता.

दिवस मावळायच्या आत कंद कापून, भिजवून, उघड्या पातेल्यात उकळून झाले. वाफेनं घर भरलं. म्हातारीनं ते पाणी फेकताना डोळे मिटून घेतले. सुनेनं कंद परातीत ओतले आणि तिघांच्याही एकदमच लक्षात आलं. ढीग लहान होता.

"पुरतील?" नातीनं विचारलं. ती शाळेतून येऊन कुटाची परात मांडीवर घेऊन बसली होती.

"चकत्या लहान थापू," सून म्हणाली.

"लहान थाप, पण शेंगदाण्याला हात आखडू नकोस," म्हातारी म्हणाली. "नर्सबाई काय म्हणाल्या? पोट भरून काय करायचंय, पोर भरलं पाहिजे."

सकाळी तवा चुलीवरून उतरलाच नाही. थापलेली चकती टाकली की चर्र आवाज यायचा, शेंगदाणे आणि तीळ भाजल्याचा खमंग वास सुटायचा, कडा तांबूस व्हायच्या. धाकटा गरम चकती या हातातून त्या हातात उडवत चव बघायचा. "आई, परवाच्यापेक्षा छान! तळलेल्यापेक्षा छान! बघ, वाजते कशी!"

"चव एकदाच बघतात. तू जेवतोयस."

शाळेच्या ओसरीत मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा तिघंही पातेलं घेऊन उभी होती. नर्सबाई आल्या होत्या. म्हातारीनं त्यांना बाजूला घेऊन कालचं सगळं सांगितलं, बांधाचं, कडूचं, काहीही न लपवता. नर्सबाईंनी ऐकलं, मग पातेल्यातल्या वरच्या, मधल्या आणि तळाच्या चकत्या काढून सावकाश चावून बघितल्या. "वाढा," नर्सबाई म्हणाल्या.

पोरं ओळी धरून बसली. नात इकडे तिकडे बघत राहिली. वेणीवाली हात करत होती, दात पडलेली जागा धरून बसली होती. रोजच्या सवयीनं पोरीचे पाय आधी टाकीकडे गेले, मग ती वळली, आणि या सगळ्यात उशीर झाल्यानं तिला मिळाली ती अगदी शेवटची जागा, दात पडलेलीच्या पलीकडची. पण ओळीतली जागा! मांडीला मांडी! सुनेनं धाकट्याचा दंड घट्ट पकडला.

हेडबाईंनी स्वतः वाढायला घेतलं. पहिल्या चकतीचा कुरकुर आवाज झाला आणि मग सगळी ओसरीच कुरकुरायला लागली. "बाई, अजून!" "बाई, मला मोठी!" हेडबाई हसत होत्या. "घ्या, घ्या, दोन दोन घ्या," त्या म्हणाल्या. दोन दोन! म्हातारीनं पातेल्याकडे बघितलं, ओळीच्या टोकाकडे बघितलं. ओरडून सांगावं तर कसं सांगावं? आपल्याच पोरासाठी इतरांच्या ताटातलं थांबवायचं?

हेडबाई वाढत पुढे गेल्या. पातेलं वाकडं होत गेलं. दात पडलेलीला शेवटची एक मिळाली, आणि हेडबाईंनी पातेल्यात हात घातला तो रिकामा बाहेर आला. त्यांचा चेहरा पडला. "अगं बाई..."

नातीचा हात पुढे केलेला होता. तो तसाच राहिला. मग तिनं तो हळूच मांडीवर ठेवला. तिचा चेहरा काही पडला नाही, आणि तेच म्हातारीला सहन होईना. पोराला न मिळण्याची इतकी सवय झाली होती. धाकट्यानं मुठीला बांधलेल्या चिंधीनंच तोंड पुसलं. सून पुढे निघाली होती, तिला म्हातारीनं हातानं अडवलं, कारण दात पडलेलीनं आपली चकती मोडली होती. नीट दोन तुकडे केले नव्हते, एक मोठा झाला, एक लहान. थोडा विचार करून तिनं लहान तुकडा नातीसमोर धरला.

नातीचे दोन्ही हात झटकन पाठीमागे गेले. तिला तसंच शिकवलेलं होतं. कुणी काही दिलं तर हात मागे घ्यायचे आणि मोठ्यांकडे बघायचं. तिनं पोरांच्या डोक्यांवरून, ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आजीला शोधलं.

"खा!" म्हातारी ओरडली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज फारच मोठा निघाला. सगळी शाळा वळून बघायला लागली. "अगं, घे तिच्या हातातलं! खा!"

नातीनं तुकडा घेतला. आधी वास घेतला, मग दातानं कोपरा तोडला, मग सगळाच तोंडात कोंबला. गाल फुगले. सून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, तिचे खांदे हलत होते. हेडबाई रिकामं पातेलं घेऊन आल्या आणि त्यांनी ते म्हातारीच्या हातात दिलं. "आजी, चुकलंच माझं. उद्यापासून मी एकेकच वाढीन, पण तुम्ही जास्त आणा. बिस्किटवाल्याला आजच नको म्हणून कळवते."

"आणू," म्हातारी म्हणाली. "कितीही आणू. बांध सोडून."

ओसरीच्या टोकाला एकाएकी गलका झाला. नात दात पडलेलीच्या हातातल्या मोठ्या तुकड्याकडे बघत होती.

"अजून दे की."

"नाही! तुला दिलं ना! हे माझं आहे."

"तुझं मोठं आहे! माझ्याच घरचं आहे ते!"

"मग घरी जाऊन खा!"

नातीनं तिचा हात धरून ओढला, दात पडलेली किंचाळली, वेणीवाली मधे पडली, आणि तिघींची चांगलीच जुंपली. हेडबाई "अगं, अगं" करत तिकडे धावल्या. म्हातारी जागची हलली नाही. ती पातेलं पोटाशी धरून हसत होती, आणि हसता हसता डोळ्यांतून येणारं पाणी पुसायचंही तिला भान नव्हतं.